ग्राफिक्स कार्डाचे कुलूप उघडण्याआधी

स्वस्तातले ग्राफिक्स कार्ड घ्यायचे, त्यात त्याच्याच महागड्या भावंडाचे फर्मवेअर भरायचे आणि दहा मिनिटांत जास्त ताकदीचे कार्ड पदरात पाडून घ्यायचे. ऐकताना ही थाप वाटेल, पण ती थाप नाही. गेली वीसेक वर्षे जगभरचे हौशी लोक हा उद्योग करत आले आहेत आणि त्यातल्या अनेकांना तो साधलाही आहे. पूर्वी हा खेळ गेम खेळणाऱ्या मुलांपुरता होता. आता घरोघरी व्हिडिओ संपादन करणारे, त्रिमिती चित्रे बनवणारे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करणारे विद्यार्थीही ग्राफिक्स कार्डाच्या शोधात असतात. कार्ड महाग असते, त्यामुळे मोह होणे स्वाभाविक आहे.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे कोणी विचारेल. कारण असे की, ‘यंत्रात ताकद आहे, कंपनीने ती कुलुपात ठेवली आहे, मग मी ती का वापरू नये?’ हा प्रश्न आता रुग्णांच्या यंत्रांबाबतही विचारला जातो. पेसमेकरमध्ये फर्मवेअर असते, झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णाच्या सीपॅप यंत्रात असते, इन्सुलिन पंपातही असते. ग्राफिक्स कार्डाचे उदाहरण नीट समजून घेतले, तर पुढचे समजायला सोपे जाते.

फर्मवेअर म्हणजे काय?

ग्राफिक्स कार्डावर मुख्य चिपखेरीज नखाएवढी एक छोटी चिप असते. वीज गेली तरी तिच्यातली माहिती पुसली जात नाही. संगणक सुरू होताच मुख्य चिपने कसे वागायचे, हे या माहितीवरून ठरते : घड्याळाचा वेग किती ठेवायचा, व्होल्टेज किती द्यायचे, जास्तीत जास्त किती वॅट वीज घ्यायची, मेमरीला किती वेगाने पळवायचे, पंखा कधी जोरात फिरवायचा. या मजकुराला फर्मवेअर किंवा कार्डाचा बायोस म्हणतात. तो पुसून त्या जागी दुसरा लिहिणे म्हणजे कार्ड ‘फ्लॅश’ करणे. थोडक्यात, हात-पाय तेच राहतात, त्यांना दिलेले हुकूम बदलतात.

पण हुकूम बदलून ताकद वाढतेच कशी? त्यासाठी चिप कशी बनते हे पाहावे लागेल.

एकाच चकतीतली दोन भावंडे

सिलिकॉनच्या गोल चकतीवर एकाच वेळी अनेक चिपा घडवल्या जातात. एका चिपेत अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. इतक्या बारीक कामात काही ठिकाणी दोष राहणारच. सगळीच दोषी चिप फेकून दिली तर धंदा परवडणार नाही. म्हणून चिपेतला बिघडलेला भाग बंद करतात आणि उरलेली चिप कमी किमतीच्या कार्डात बसवतात. दोष नसलेली, वेगही चांगला पेलणारी चिप महागड्या कार्डात जाते. आंब्याच्या पेटीत जशी प्रतवारी होते, तशीच ही प्रतवारी.

याचे गाजलेले उदाहरण डिसेंबर २०१० मधले. एएमडी कंपनीने रेडिऑन एचडी ६९७० आणि रेडिऑन एचडी ६९५० ही दोन कार्डे एकाच वेळी बाजारात आणली. पहिल्याची अमेरिकेतली किंमत ३६९ डॉलर, दुसऱ्याची २९९. दोन्हींत चिप एकच होती. महागड्यात गणिती एककांचे २४ गट म्हणजे १,५३६ एकके चालू होती, स्वस्तातल्यात २२ गट म्हणजे १,४०८. उरलेले दोन गट सुरुवातीच्या कार्डांत केवळ फर्मवेअरने बंद केले होते. काही दिवसांतच लोकांच्या हे लक्षात आले. ६९७० चे फर्मवेअर ६९५० मध्ये भरले की बऱ्याच कार्डांत बंद गट जागे होत आणि ७० डॉलर वाचत. शिवाय त्या कार्डांवर दोन बायोस आणि त्यांच्यात अदलाबदल करणारे छोटे बटण होते. प्रयोग फसला तर बटण सरकवून मूळ अवस्थेत परतता येत असे. पुढच्या खेपांच्या कार्डांत मात्र हे गट चिपेतच कायमचे बंद केलेले असत. तिथे कितीही फ्लॅश केले तरी उपयोग नव्हता.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. चिपेचा भाग बंद करण्याची कारणे दोन असतात. एक, तो भाग खरोखर दोषी आहे. दोन, तो धडधाकट आहे. पण बाजारात स्वस्त कार्डाला मागणी जास्त असल्याने चांगली चिपही त्या खोक्यात घालावी लागली. कारखान्यात हात बसला, दोष कमी झाले की दुसऱ्या कारणाचे प्रमाण वाढते. अडचण ही की, आपल्या हातातले कार्ड कोणत्या कारणाने बंद आहे हे बाहेरून दिसत नाही. २००२ मध्ये आलेल्या रेडिऑन ९५०० या कार्डाचे बंद भाग सॉफ्टवेअरच्या युक्तीने उघडता येत. काहींना त्यातून जवळजवळ महागडे कार्ड मिळाले. काहींच्या पडद्यावर मात्र बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटू लागले. त्यांच्या चिपेतला तो भाग खरोखरच आजारी होता.

व्हेगाचा हिशेब

दुसऱ्या प्रकारात बंद भाग उघडत नाहीत, फक्त मर्यादा वाढते. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेली रेडिऑन आरएक्स व्हेगा ५६ आणि व्हेगा ६४ ही कार्डे याचे चांगले उदाहरण. किमती अनुक्रमे ३९९ आणि ४९९ डॉलर. इथे व्हेगा ५६ मध्ये ६४ चे फर्मवेअर भरले तरी गणिती एकके ३,५८४ च राहत, ४,०९६ होत नसत. पण मेमरीला मिळणारे व्होल्टेज १.२५ वरून १.३५ होई आणि विजेची मर्यादा वाढे. त्यामुळे मेमरी ८०० मेगाहर्ट्झऐवजी महागड्या कार्डाच्या ९४५ मेगाहर्ट्झवर, काही वेळा त्याहूनही पुढे, पळवता येई. गेममध्ये फरक जाणवण्याजोगा पडे. पण इथेही सगळ्यांचे नशीब सारखे नव्हते. काही कार्डांवर सॅमसंगची मेमरी होती, काहींवर हायनिक्सची. हायनिक्सवाल्यांना हे फर्मवेअर अनेकदा मानवत नसे. खोक्यावरचे नाव एक, आतला पुरवठादार वेगळा.

आता याची किंमत काय, ते पाहू. चिपेत निर्माण होणारी उष्णता ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १.२५ वरून १.३५ झाले म्हणजे वाढले फक्त आठ टक्के. पण वर्ग केला की १७ टक्के होतात. त्यात वेग १८ टक्के वाढला. दोन्हींचा गुणाकार केला की त्या मेमरीतली वीज आणि उष्णता सुमारे ३८ टक्के वाढते. वेग १८ टक्के, उष्णता ३८ टक्के. हा सौदा कंपनीच्या अभियंत्यांनाही ठाऊक होता. स्वस्त कार्डासाठी त्यांनी तो मुद्दाम टाळला होता.

पूर्ण कार्डाचा हिशेब करायचा तर व्हेगा ५६ ची जाहीर वीजमर्यादा २१० वॅट आणि व्हेगा ६४ ची २९५ वॅट. फरक ८५ वॅटचा. शांत बसलेला माणूस साधारण ८० ते १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे ही तफावत पुरती वापरली, तर खोलीत आणखी एक माणूस येऊन बसल्यासारखेच झाले. रोज चार तास वापर धरला तर महिन्याला दहा युनिट वीज जास्त. आकडा फार मोठा नाही, पण फुकट मिळालेल्या ताकदीचे बिल कुठे तरी येतेच.

आणखी एक स्थानिक मुद्दा. परदेशातली मंडळी आपल्या यशोगाथा सांगतात, त्या बहुधा थंड खोलीतल्या. कार्डाचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो. खोली २२ अंशांवरून ३८ अंशांवर गेली की चिपेचे तापमानही साधारण तेवढेच वर सरकते. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीत हा प्रयोग करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. तापमान एका पातळीपलीकडे गेले की चिप स्वतःचा वेग आपणहून कमी करते. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला, तो लाभच निघून जातो आणि उष्णता तेवढी उरते.

राखीव ताकद वाया गेलेली नसते

‘अहो, पण माझे कार्ड तर दोन वर्षे छान चालते आहे,’ असे सांगणारे भेटतात. ते खरेच सांगतात. पण वैद्यकात आम्ही एक गोष्ट रोज पाहतो. मूत्रपिंडांकडे राखीव क्षमता भरपूर असते. रक्तातले क्रिएटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत त्यांची जवळपास निम्मी कार्यशक्ती गेलेली असू शकते. तोवर रुग्ण म्हणतो, मला तर काहीच होत नाही. राखीव साठा होता म्हणून काही होत नव्हते, आणि तोच साठा हळूहळू संपत होता.

चिपेतही असेच घडते. तिच्यातल्या अतिसूक्ष्म धातूच्या तारांतून मोठा विद्युतप्रवाह वाहतो, तेव्हा इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने धातूचे अणू जागचे सरकत जातात. एका जागी पोकळी होते, दुसऱ्या जागी गाठ. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक या अभियंत्याने १९६९ मध्ये याचे समीकरण मांडले. प्रवाह वाढला की आयुष्य घटते आणि तापमान वाढले की ते फार वेगाने घटते, असे ते सांगते. कार्डावरच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांबाबतही अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे : तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. कंपनी मर्यादा ठरवते तेव्हा ती एका उत्तम चिपेचा विचार करत नाही. लाखो चिपांतली सर्वांत कमकुवत चिप, भर उन्हाळा, धूळ भरलेला पंखा आणि वॉरंटीची वर्षे, हे सगळे धरून ती ठरवते. तुमची चिप सरासरीपेक्षा चांगली असेल तर तुम्हाला ती मर्यादा कंजुषी वाटेल. कमकुवत असेल तर तीच मर्यादा तुम्हाला सांभाळत असते.

चूक, जी दिसत नाही

कार्ड बंद पडले तर निदान कळते तरी. त्याहून अवघड प्रकार म्हणजे कार्ड चालू राहते आणि अधूनमधून चुकीचे उत्तर देते. गेममध्ये एखादा ठिपका लालऐवजी हिरवा दिसला तर कोणाचे बिघडत नाही. पण तेच कार्ड वैज्ञानिक गणितासाठी वापरले तर?

स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेला ‘फोल्डिंग ॲट होम’ हा प्रकल्प प्रथिनांच्या घड्या कशा पडतात याचे गणित जगभरच्या लोकांच्या घरच्या संगणकांवर करतो. कोविडच्या काळात असंख्य लोकांनी आपली ग्राफिक्स कार्डे या कामाला लावली. त्याच्या कितीतरी आधी, २०१० च्या सुमारास, या प्रकल्पाशी संबंधित संशोधकांनी हजारो घरगुती कार्डांच्या मेमरीची चाचणी घेतली. प्रयोगशाळेतल्या नियंत्रित वातावरणात त्यांना चुका आढळल्या नाहीत. लोकांच्या घरी मात्र तपासलेल्या कार्डांपैकी सुमारे दोनतृतीयांश कार्डांत मेमरीच्या लहानसहान चुका टिपता आल्या. ही सगळी कार्डे काही फ्लॅश केलेली नव्हती. पण मर्यादेत चालणाऱ्या कार्डांची जर ही गत, तर मर्यादेच्या काठावर नेलेल्या कार्डाबाबत किती सावध राहायला हवे, याचा अंदाज येतो. व्यावसायिक दर्जाची कार्डे महाग असतात त्याचे एक कारण हेच : मेमरीतली चूक ओळखून ती दुरुस्त करण्याची सोय त्यांत असते. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी तरी हौसेने फ्लॅश केलेल्या कार्डावर विसंबू नये.

छातीतले फर्मवेअर

आता शरीरातल्या यंत्रांकडे वळू. ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे व्हेगा कार्डे आली त्याच महिन्यात, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲबट कंपनीच्या (पूर्वीच्या सेंट ज्यूड मेडिकलच्या) काही पेसमेकरांसाठी नव्या फर्मवेअरला मान्यता दिली. बिनतारी मार्गाने कोणी त्या यंत्रांत शिरकाव करू नये, यासाठी ते होते. अमेरिकेत अशी सुमारे ४,६५,००० यंत्रे रुग्णांच्या शरीरात होती. फर्मवेअर घरी बसून भरायचे नव्हते. रुग्णाने रुग्णालयात यायचे होते. काम सुमारे तीन मिनिटांचे. तेवढा वेळ पेसमेकर राखीव पद्धतीवर जाऊन मिनिटाला ६७ ठोके देत राहणार होता. ग्राफिक्स कार्डावरच्या दुसऱ्या बायोसचे बटण आठवा. परतीची वाट ठेवण्याचा विचार तोच, फक्त इथे त्यावर जीव अवलंबून होता.

धोक्याचे आकडेही जाहीर केले गेले. काम अर्धवट राहून जुनेच फर्मवेअर पुन्हा भरावे लागण्याची शक्यता ०.१६१ टक्के, रुग्णासाठी ठरवलेली मापे पुसली जाण्याची ०.०२३ टक्के आणि यंत्र पूर्ण बंद पडण्याची ०.००३ टक्के. शेवटचा आकडा नगण्य वाटतो, पण ४,६५,००० यंत्रांना लावला तर १४ माणसे होतात. म्हणूनच ज्यांचे हृदय पूर्णपणे पेसमेकरवर चालते, अशांचे काम तात्पुरता पेसमेकर लावण्याची आणि यंत्र बदलण्याची सोय असेल तिथेच करण्याचा विचार व्हावा, असा सल्ला होता.

सीपॅप यंत्राची गोष्ट ग्राफिक्स कार्डाच्या आणखी जवळची आहे. २०२० च्या वसंतात व्हेंटिलेटरांचा तुटवडा होता. तेव्हा ट्रॅमेल हडसन या सुरक्षा संशोधकाने रेसमेड कंपनीच्या एअरसेन्स १० या सीपॅप यंत्राचे फर्मवेअर उघडून दाखवले. आत बंद असलेल्या श्वासोच्छ्वासाच्या इतर पद्धती त्यातून चालू करता येत होत्या. यंत्राच्या अंगात ताकद होती हे त्याने सिद्ध केले, पण नीट पडताळणी झाल्याशिवाय बदललेले फर्मवेअर रुग्णांवर वापरू नये, असेही प्रकल्पाने बजावले. मला ही भूमिका योग्य वाटते. गुदमरणाऱ्या रुग्णासाठी यंत्र हवा किती ढकलू शकते, एवढाच प्रश्न नसतो. नळी निसटली तर धोक्याची घंटा वाजते का? वीज गेली तर काय? मुखवट्यातून विषाणू खोलीत पसरतात का? फर्मवेअर उघडणारा यातल्या एका गोष्टीचे उत्तर देतो. बाकीच्यांची उत्तरे चाचणीतूनच मिळतात.

तरीही कंपन्यांचे प्रत्येक कुलूप पवित्र मानण्याचे कारण नाही. जानेवारी २०२० मध्ये रेडिऑन आरएक्स ५६०० एक्सटी हे कार्ड बाजारात येण्याच्या तोंडावर एएमडीने स्वतःच नवे, जास्त वेगाचे फर्मवेअर दिले. प्रतिस्पर्धी एनव्हिडियाने किंमत उतरवली होती, म्हणून ही घाई. कारखान्यातून आधीच निघालेली कार्डे ग्राहकांना घरी फ्लॅश करावी लागली. म्हणजे आदल्या आठवड्यापर्यंतची मर्यादा काही प्रमाणात बाजाराची होती. अशी कुलपे असतात. ग्राहकाला त्यांची माहिती मिळायला हवी, अशी मागणीही रास्त आहे. पण कोणते कुलूप बाजाराचे आणि कोणते सुरक्षिततेचे, हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती फ्लॅश करणाऱ्याच्या हाती बहुधा नसते. अलीकडे बहुतेक कार्डे डिजिटल स्वाक्षरी नसलेले फर्मवेअर स्वीकारत नाहीत. ती अडवणूक चुकवणारी साधने फिरत असतात, त्यांतून संगणकात दुसरेच काही शिरण्याचा धोका असतो.

करायचेच असेल तर

औषध देण्याआधी आम्ही तीन प्रश्न विचारतो : फायदा किती, अपाय काय आणि अपाय झाला तर परत फिरता येईल का? इथेही तेच विचारावेत.

फायदा : वाढीव वेग तुमच्या कामात खरोखर जाणवणार आहे का? पाच-सात टक्क्यांसाठी वॉरंटी घालवणे शहाणपणाचे नाही. कंपनीने स्वतः दिलेले फर्मवेअर असेल तर गोष्ट वेगळी. ते तुमच्या नेमक्या मॉडेलचे आहे याची खात्री करून जरूर भरावे.

अपाय : मेमरी कोणत्या कंपनीची आहे, वीजपुरवठ्याचे युनिट किती वॅटचे आहे, घरात अर्थिंग नीट आहे का, हे आधी पाहावे. फ्लॅश झाल्यावर तासन्‌तास चाचणी घ्यावी, तीही उन्हाळ्यातल्या दुपारी.

परतीची वाट : मूळ फर्मवेअरची प्रत आधी जतन करावी. दोन बायोस असलेल्या कार्डात एकाला हात लावू नये. लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्ड मुके होऊ शकते, म्हणून यूपीएस असल्याशिवाय सुरुवात करू नये. दुसरे ग्राफिक्स असलेला संगणक हाताशी ठेवावा, म्हणजे मुके झालेले कार्ड पुन्हा लिहिता येते.

सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. इथेरियम हे आभासी चलन सप्टेंबर २०२२ पर्यंत ग्राफिक्स कार्डांवर ‘खणले’ जात होते. त्यासाठी अनेकांनी मेमरीच्या वेळा बदललेले फर्मवेअर भरले होते. तो धंदा बंद झाल्यावर अशी कार्डे बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ओळखीच्याकडून घ्या, कार्डातले फर्मवेअर मूळचेच आहे का, हे तपासून पाहावे आणि अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पडदा न्याहाळावा. खाणीत वापरलेले कार्ड खराबच असते असे नाही. वीज वाचवण्यासाठी अनेक जण व्होल्टेज उलट कमी ठेवत. पण इतिहास माहीत असलेला बरा.

आणि घरात सीपॅप, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा इन्सुलिन पंप असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये काहीही बदल करायचा विचार मनात आला की आधी डॉक्टरांना फोन करावा. ग्राफिक्स कार्ड बिघडले तर पैसे जातात. रात्री झोपलेल्या माणसाला श्वास देणाऱ्या यंत्राबाबत तो हिशेब लागू होत नाही.